अण्णा स्वप्नात जातात अन् मोटार चालूच राहते

पत्र असं आलंय, थोडं कापून देते:

"ताई, मी सोनपेठ तालुक्यातला. चाकणला कंपनीत आहे, शिफ्ट ड्युटी. दिवाळीपासून एकच स्वप्न पडायलंय. अण्णा (माझे वडील) वारलेत, ओसरीत ठेवलंय, सगळा गाव जमलाय, अन् मला मात्र शेतातली मोटार चालू राहिली म्हणून ती बंद करायला पळायचंय. पळतो तर रस्ता सरत नाही, पाणी बांध फोडून चाललेलं असतं, मागून कुणीतरी म्हणतं माती उरकून घ्या, किती वाट बघायची. मी रडत पण नाही स्वप्नात. नाईट करून सकाळी झोपलो की जास्त पडतं, पण एकदा सुट्टीच्या दिवशी पहाटे पडलं, तेव्हापासून जास्त भीती. मायला सांगितलं तर ती एका महाराजाकडं जाऊन आली, तो म्हणे मृत्युयोग आहे, शांती करा, अकरा हजार. एका व्हिडिओत ऐकलं की बापाचं मरण स्वप्नात दिसतं म्हणजे पोराच्या मनात तशी इच्छा असते. दिवाळीत वाटणीवरून जरा वाजलं होतं, मी म्हणलो आत्ताच नावावर करून टाका, नंतर कोर्टकचेऱ्या कोण करील, तर अण्णा म्हणले मी काय आजच मरायलोय का. म्हणून मनाला लई लागलंय. अण्णांना हे स्वप्न सांगावं का?"

भाऊ, लहान भावासारखा आहेस म्हणून अरेतुरेच करते. पहिल्यांदा हे ऐक, अण्णा जाणार आहेत म्हणून हे स्वप्न पडत नाहीये, आणि ते जावेत असं तुला वाटतंय म्हणून तर बिलकुल नाही. अकरा हजार खिशातच राहू दे, त्याच्यावर नंतर बोलू.

आपल्याकडं मरणाच्या स्वप्नाचा अर्थ विचारायला गेलं की दहा तोंडं दहा गोष्टी सांगतात. बहुतेक म्हाताऱ्या म्हणतात, स्वप्नात मेलेला दिसला ना, मग त्याचं आयुष्य वाढलं. त्याच म्हाताऱ्या स्वप्नात लग्न दिसलं, हळद दिसली, मांडव दिसला की तोंड बारीक करतात, कारण तिथं उलटं, लग्न म्हणजे मरण. दात पडला तर घरातलं माणूस जाणार. आपल्याकडच्या मुसलमान घरांत विचार, तिथं वाईट स्वप्न पडलं की डाव्या बाजूला तीनदा थुंकल्यासारखं करायचं, कूस बदलायची आणि कुणाला सांगायचं नाही, विषय संपला. मला विचारशील तर ही शेवटची रीत सगळ्यात शहाणपणाची वाटते, निदान कुणी पावती तरी फाडत नाही.

आता तुझ्या मायच्या डोक्यात भीती कुठून आली ते पण समजून घे, तिला वेड्यात काढू नको. बापाच्या मरणाचं स्वप्न म्हणलं की आपल्याला रामायणातला भरत आठवतो. आजोळी असताना त्याला दशरथ दिसतो, अंगाला तेल माखलेलं, गाढवं जुंपलेल्या रथातून दक्षिणेला चाललेला, आणि त्याच वेळी अयोध्येचे दूत दारात. पण नीट बघितलं तर दशरथ तोवर गेलेलाच होता, स्वप्नानं काही घडवलं नाही. आणि दुसरं म्हणजे खरी झालेली स्वप्नंच गोष्टीत येतात रे, बापाला मेलेलं बघून सकाळी उठून बापासोबतच चहा पिणाऱ्या हजारो पोरांची गोष्ट कोण कशाला सांगत बसंल?

महाराज जुन्या शास्त्राचं नाव घेत असेल तर त्याला चरकसंहिता दाखव, आयुर्वेदाचा जुना ग्रंथ. चरकानं स्वप्नांचे सात प्रकार सांगितलेत: पाहिलेलं, ऐकलेलं, अनुभवलेलं, मनात मागितलेलं, कल्पनेनं रचलेलं, पुढं घडणार ते दाखवणारं आणि शरीरातल्या दोषामुळं पडणारं. त्यातल्या पहिल्या पाचांना काही फळ नसतं असं तो स्पष्ट सांगतो, दिवसा झोपून पडलेल्या स्वप्नालाही नाही, लई लांबलचक स्वप्नालाही नाही. म्हणजे नाईट करून सकाळी आठला झोपणाऱ्याचं स्वप्न चरकाच्याच हिशोबानं बाद. पुढं घडणार ते दाखवणारं स्वप्न असतं असं तो मानतो, ते मी लपवत नाही, पण तुझं स्वप्न त्यात बसत नाही. तुझं सरळसरळ ऐकलेलं आणि अनुभवलेलं आहे, कसं ते सांगतेच.

पहाटेचं आधी निपटवू. पहाटेचं स्वप्न खरं होतं असं म्हणतात त्याच्यामागं साधं कारण आहे. झोप साधारण दीड-दीड तासाच्या फेऱ्यांनी चालते, प्रत्येक फेरीच्या शेवटी असा टप्पा येतो की मिटलेल्या पापण्यांखाली बुबुळं जोरात हलायला लागतात, हातपाय ढिले पडतात आणि सगळ्यात ठळक स्वप्नं तेव्हाच पडतात. १९५३ ला शिकागोच्या दोघा संशोधकांनी, असेरिन्स्की आणि क्लाइटमन, हे पहिल्यांदा नोंदवलं. रात्रीच्या सुरुवातीला हा टप्पा काही मिनिटांचा असतो, पहाटेकडं लांबत जातो, आणि जाग पण त्याच वेळी येते. मग लक्षात राहतं ते पहाटेचंच. रात्री अकराला पण पडलं असंल, पण ते कुठं आठवतंय. तुझं तर शिफ्टमुळं झोपेचं पार गणितच बिघडलंय, नाईट करून आलेला माणूस सकाळी आडवा झाला की ह्या स्वप्नांच्या टप्प्यात लवकर शिरतो, आणि झोप तुंबलेली असली की स्वप्नं आणखी दाट येतात. चाकण-रांजणगावला आपली किती पोरं आहेत, त्यातल्या दोघा-तिघांना विचार कसली कसली स्वप्नं पडतात नाईटच्या आठवड्यात.

आता तो व्हिडिओ. हे ज्याच्या नावावर खपवतात तो व्हिएन्नाचा डॉक्टर सिग्मंड फ्रॉइड. आईबाप मेल्याचं दुःखी स्वप्न पडलं तर त्याच्या मागं एक जुनी इच्छा असते असं तो म्हणाला हे खरं, पण ती कधीची, तर अगदी लहानपणीची, लेकराला राग आला की ते म्हणतं ना 'तू मर' आणि दोन मिनिटांत त्याच मांडीवर झोपतं, त्या वयाची. आज मोठ्या झालेल्या पोराला बाप मरावा वाटतो असं त्यानंही म्हणलेलं नाही, उलट आज तशी इच्छा नाही असंच धरायला सांगितलंय. व्हिडिओवाल्यानं अर्धं वाचलं आणि तुझी झोप घालवली. ह्या फ्रॉइडचं सगळंच मला पटतं असं नाही, आता बरेच अभ्यासक त्याला तेवढं मानत पण नाहीत, पण त्याच्या स्वतःच्या घरातली एक गोष्ट तुझ्या कामाची आहे. त्याचे वडील १८९६ च्या ऑक्टोबरात गेले. अंत्यविधीच्या सुमाराला त्याला स्वप्नात न्हाव्याच्या दुकानातली पाटी दिसली, पाटीवर लिहिलेलं, डोळे मिटावेत अशी विनंती. आणि खऱ्यात काय झालं होतं, अंत्यविधीच्या दिवशी न्हाव्याकडं ताटकळावं लागलं म्हणून ह्याला जायला थोडा उशीर झाला, घरच्यांची बोलणी खाल्ली. बाप गेला एवढी मोठी गोष्ट आणि स्वप्नाला आठवलं काय तर न्हाव्याचं दुकान. पुढं त्यानंच लिहिलं की बापाचं जाणं ही माणसाच्या आयुष्यातली सगळ्यात जिव्हारी लागणारी हानी असते.

तुझी मोटार म्हणजे हेच आहे बघ. मरणाच्या स्वप्नात मरण हे मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं म्हणून सगळे तेच वाचतात, मी कोपऱ्यातलं बारीक वाचते. ओसरी, माती, जमलेला गाव हे कुणाच्याही स्वप्नात सारखंच असतं, कारण मरण आपण सगळ्यांनी तसंच बघितलंय. मोटार मात्र फक्त तुझी आहे, एखाद्या बाईला तिथं चुलीवर उतू जाणारं दूध दिसलं असतं.

आता तुझ्या पत्रात तू एक गोष्ट सहज लिहून पुढं गेलास. दिवाळीत तू म्हणालास, नंतर कोर्टकचेऱ्या कोण करील. हे 'नंतर' म्हणजे कधी रे? अण्णा नसताना. तू तो शब्द बोलला नाहीस पण अण्णांना बरोबर कळलं, म्हणून तर ते म्हणले मी काय आजच मरायलोय का. म्हणजे मरणाचा विषय स्वप्नात आलाच नाही आधी, तो दिवाळीत निघाला, तुमच्या दोघांच्या तोंडून निघाला आणि अर्ध्यात तुटला. तू बॅग उचलून चाकणला आलास, ते शेतात गेले. स्वप्न तेच बोलणं पुढं चालवायलंय. मनी वसे ते स्वप्नी दिसे, ह्यात गूढ काही नाही.

आणि मोटारच का? तू शेतकऱ्याचं लेकरू, तुला मी काय सांगावं, दिवाळीनंतर हरभरा-गव्हाच्या पाण्याचे दिवस, थ्री फेज लाईट कधी दिवसा कधी रात्री, रात्रीची पाळी आली की म्हातारा माणूस बॅटरी घेऊन एकटा बांधावर. काळोखात घोणस असती, ओल्या हातानं स्टार्टरला हात लागतो, रानडुकरं असतात. तू तिकडं नाईटला मशीनवर उभा आणि अण्णा इकडं नाईटला दारं धरायला, म्हणजे पिकात पाणी वळवायला, दोघंही रातपाळीवर. तुला हे दिवसभर आठवत नाही कारण आठवून करणार काय, पण झोपलं की आठवतं. तू रडत नाहीस ह्याचं तुला वाईट वाटतंय, अरे तुझं रडणंच पळायला लागलंय त्या मोटारीकडं. बाप गेल्यावर पहिल्यांदा तुझ्या मनात काय येतं तर त्याचं अर्धवट राहिलेलं काम, पाणी वाया चाललंय, बांध फुटलाय, बंद कोण करणार, मीच. ज्या पोराला बापाचं काहीच पडलेलं नाही ना, त्याला असलं स्वप्न पडत नाही.

पळून पळून रस्ता न सरणं हे तर कुणालाही पडतं, परीक्षेला उशीर झालेला, एसटी सुटलेली, त्यातलाच प्रकार, त्याचा फार अर्थ काढू नको. पण उशीर तेवढा ध्यानात घे. गावापासून लांब राहणाऱ्या पोरांना घरच्यांच्या मरणाची जी स्वप्नं पडतात, माझ्याकडं येतात त्या पत्रांतली, त्यात हे वेळेवर न पोचणं लई वेळा असतं. रात्री फोन वाजला की पोटात गोळा येतो तसंच ते.

काही लोक म्हणतील, मरण म्हणजे बदल, जुनं संपून नवं सुरू होणं. कार्ल युंग नावाच्या मानसतज्ज्ञाच्या वळणाचे अभ्यासक असं सांगतात आणि काही स्वप्नांना ते चपखल बसतं, विशेषतः स्वतःच्या मरणाच्या. नोकरी सुटायची असते, लग्न ठरलेलं असतं, पहिलं लेकरू व्हायचं असतं, तेव्हा माणूस स्वतःला सरणावर बघतो आणि बऱ्याचदा शांत असतो. तुकोबांनी तर आपलं मरण आपल्या डोळ्यानं बघितलं आणि त्याला सोहळा म्हणाले. तुझ्यातही थोडं तसं असंल, पोरगा म्हणून वावरायचे दिवस संपून कारभारी व्हायचे दिवस आलेत, पण मला ते दुय्यम वाटतं. आधी मोटार.

एक फरक मात्र सगळ्याच वाचकांनी ध्यानात ठेवा. जे डोळ्यांनी बघितलं तेच जसंच्या तसं रात्री परत परत दिसत असेल, अपघात, फास घेतलेलं माणूस, पुरात वाहून गेलेलं कुणी, तर तिथं अर्थ शोधत बसू नका, तो मनाला बसलेला मार असतो आणि त्याला डॉक्टर लागतो. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे चारच्या आत-बाहेर किल्लारी-सास्तूरकडं भूकंपानं जे झालं, गणपती बुडवून लोक नुकते झोपले होते, त्यातनं वाचलेल्या माणसाला पहाटे दचकून जाग येत असेल तर त्याला कुणी स्वप्नफळ सांगायचं का? आणि हो, बीपीच्या काही गोळ्यांनी, मनाच्या आजाराच्या काही गोळ्यांनी, किंवा रोजची दारू एकदम सोडली तरी भयानक स्वप्नं पडतात. गोळी आपल्या मनानं बंद करू नका, ज्यांनी लिहून दिली त्यांना विचारा.

आता काय करायचं. एक उपाय आहे, स्वप्नावर काम करणारे डॉक्टर आणि समुपदेशक वापरतात, सोपा आहे, पैसे लागत नाहीत. जागेपणी, दिवसा, वहीत ते स्वप्न लिही. मग त्याचा शेवट तुझ्या मनानं बदल. कसाही, पटेल तसा. समजा तू पळत मोटारीपाशी पोचतोस, तिथं अण्णा बसलेत, म्हणतात आलास का, मी कवाच बंद केली. किंवा तू स्वतः बंद करतोस आणि दोघं घरी येता. तुला जो शेवट बरा वाटंल तो घे, माझा नको घेऊ. मग रोज दहा-पंधरा मिनिटं डोळे मिटून हा बदललेलाच शेवट मनात चालवायचा, जुना नाही. परत परत पडणाऱ्या स्वप्नांवर ह्याचा बऱ्याच जणांना गुण येतो. पहिले काही दिवस वेडेपणा वाटंल, वाटू दे.

महाराजाचं. मायला रागावू नको, तिचा जीव आहे तुमच्या दोघांवर म्हणून ती गेली. तिला मनाला बरं वाटावं म्हणून काही करायचं असेल तर घरच्या देवापुढं दिवा लाव म्हणावं, गंगाखेडला जाऊन गोदावरीत पाय बुडवून ये, परळीला वैजनाथाचं दर्शन घे, मी कशाला आडवी येऊ. पण मृत्युयोग सांगून भीती घालून अकरा हजार मागणं ही पूजा नव्हे, धंदा आहे. अंगात शक्ती असल्याचं भासवून, भीती घालून लुबाडणं आपल्या राज्यात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुन्हा आहे, सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत शिक्षा आणि पाच ते पन्नास हजार दंड. मायला एवढंच शिकव की महाराजाला म्हणावं, पोरानं पावती मागितलीय. परत फोन येत नाही सहसा.

अण्णांना सांगावं का? सांग. पण फोनवर नको, फोनवर त्यांना फक्त 'मी मेलो' एवढंच ऐकू जाईल. पुढच्या सुट्टीला जा, जेवणं झाल्यावर ओसरीतच बसून सांग, मोटारीसकट सांग. बहुतेक ते हसतील, म्हणतील चला, आयुष्य वाढलं माझं. तिथं थांबू नको मात्र. दिवाळीचा विषय तूच काढ आणि नीट सांग की तेव्हा जे नंतर-नंतर म्हणलो ते तुम्ही जावेत म्हणून नाही, मला ते नंतरचं भ्याव वाटतं म्हणून. एवढं वाक्य बोलायला आपल्या पोरांची जीभ अडते, मला माहीत आहे, पण स्वप्नात पळण्यापेक्षा सोपं आहे. जमिनीचं त्याच दिवशी निपटलं पाहिजे असं नाही. अण्णांना आत्ता वाटणी नको असेल तर मृत्युपत्र पण करता येतं, ते साध्या कागदावर दोन साक्षीदारांच्या सह्यांनी होतं, नोंदणी केली तर बरं पण सक्तीची नाही, आणि जिवंत असेपर्यंत जमीन त्यांचीच राहते, मनात आलं तर बदलता पण येतं. पण हे त्यांनी विचारलं तरच सांग. तू वकील होऊन गेलास की दिवाळीचाच खेळ परत.

आणि मोटारीला मोबाईल स्टार्टर बसवून दे बाबा. सिमकार्डवाला, फोन लावला की मोटार चालू, फोन लावला की बंद, मोटारीला लाईट येतीय का नाही ते पण घरबसल्या कळतं. साधा ऑटो स्विच नको, लाईट आली की सगळ्या शिवारातल्या मोटारी एकदम उठतात आणि डीपी, म्हणजे लाईटचा ट्रान्सफॉर्मर, जळते, मग आठ-आठ दिवस अंधारात. दारं धरायला जावंच लागतंय ते खरं, पण निदान नुसतं चालू-बंद करायला रात्री-बेरात्री हेलपाटा नाही. पायात गमबूट घेऊन दे. अण्णांची बीपी-शुगर शेवटची कधी तपासली ते मायला विचार, त्यांना विचारलंस तर ते 'मला काय धाड भरलीय' म्हणतील.

तुझ्या झोपेचं राहिलं. नाईटहून आल्यावर खोलीत अंधार कर, जाड पडदा नाही तर चादर लाव खिडकीला, मोबाईल लांब ठेव, स्वप्नांचे अर्थ सांगणारे व्हिडिओ झोपायच्या आधी तर अजिबात नाही, ते एक बघितलं की पुढं दहा तसलेच येतात. शिफ्टच्या शेवटच्या तासांत चहा-कॉफी कमी कर. हे सगळं करून महिन्याभरात फरक पडला नाही, झोपायची भीती जात नाही, कामावर मशीनपुढं डुलकी लागायली, किंवा कशातच मन लागेना, जगून काय करायचं असले विचार यायला लागले, तर वाट बघू नको. १४४१६ हा टेलीमानसचा नंबर आहे, सरकारी, फुकट, दिवसरात्र चालू, मराठीत बोलतात. नाहीतर अंबाजोगाईच्या सरकारी मेडिकल कॉलेजला मानसोपचाराची ओपीडी आहे, सुट्टीला गावी आलास की तुला जवळच पडतं. आणि सलग नाईट लावतायत का ते सुपरवायझरशी बोल, दोन आठवडे सलग असतील तर एकच आठवडा करून मिळतो का बघ.